इन्शुलिन आणि साखरेचा खडा

मधुमेहाचे निदान झाले की घरातील साखरेचा डबा मागे सरकतो. चहा बिनसाखरेचा होतो, सणासुदीच्या ताटातून गोडाचा पदार्थ वगळला जातो आणि रुग्णाच्या मनात एकच भीती घर करते, ती साखर वाढण्याची. ही भीती रास्तच आहे. तथापि उपचार सुरू झाल्यानंतर या आजाराची दुसरी बाजूही समोर येते. इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील साखर कधी कधी अचानक खाली उतरते. हातपाय थरथरू लागतात, दरदरून घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि कालपर्यंत निषिद्ध असलेली साखरच त्या क्षणी औषध ठरते. नव्या रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना हा विरोधाभास पचनी पडायला वेळ लागतो.

हा विरोधाभास स्वतःच्या शरीरावर अनुभवून, त्याचा शास्त्रीय अभ्यास करून आणि तो असंख्य रुग्णांना समजावून सांगण्यात आयुष्य वेचणारे डॉक्टर म्हणजे रॉबर्ट डॅनियल लॉरेन्स. स्नेहीमंडळी त्यांना रॉबिन म्हणत. मधुमेहतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव जगभर झाले. पण ते मुळात मधुमेहाचे रुग्ण होते आणि मृत्यूच्या दारातून परत आलेले होते.

अॅबर्डीन ते वायव्य सरहद्द

लॉरेन्स यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८९२ रोजी स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथे झाला. वडिलांचा ब्रश बनविण्याचा कारखाना होता आणि घरची स्थिती उत्तम होती. वयाच्या अठराव्या वर्षी रॉबिन यांनी अॅबर्डीन विद्यापीठात प्रवेश घेतला आणि इंग्रजी व फ्रेंच घेऊन एम.ए.ची पदवी मिळविली. त्यानंतर काकांच्या ग्लासगो येथील कापडाच्या व्यवसायात त्यांना धाडण्यात आले. पण गज आणि कात्रीत त्यांचे मन रमले नाही. काही आठवड्यांतच ते अॅबर्डीनला परतले आणि त्यांनी वैद्यकीय शिक्षणाची वाट धरली.

ही वाट मात्र त्यांना मानवली. शरीररचनाशास्त्र, वैद्यकशास्त्र आणि शस्त्रक्रिया या विषयांत त्यांनी सुवर्णपदके मिळविली. हॉकी आणि टेनिसमध्ये विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केले, विद्यार्थी प्रतिनिधी मंडळाचे अध्यक्षपद भूषविले आणि १९१६ मध्ये विशेष प्रावीण्यासह वैद्यकीय पदवी संपादन केली. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. पदवी हाती पडताच ते लष्कराच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. त्यांची नेमणूक ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरहद्दीवर झाली. तेथे त्यांना आमांशाने गाठले आणि १९१९ मध्ये कॅप्टनच्या हुद्द्यावरून ते मायदेशी परतले. काही महिने विश्रांतीत आणि मासेमारीच्या छंदात घालवून प्रकृती सुधारल्यावर त्यांनी लंडन गाठले.

डोळ्यात उडालेली कपची

लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स यांना अपघात विभागात हाऊस सर्जनची जागा मिळाली. सहा महिन्यांत ते कान-नाक-घसा विभागात सहायक शल्यचिकित्सक झाले. शल्यचिकित्सक म्हणून नाव मिळवावे ही त्यांची आकांक्षा होती आणि ती पूर्ण होण्याची सारी लक्षणे दिसत होती.

१९२० मध्ये एके दिवशी ते एका शवावर कानामागील हाडाच्या शस्त्रक्रियेचा सराव करीत होते. छिन्नीच्या घावासरशी हाडाची एक बारीक कपची उडाली आणि उजव्या डोळ्यात शिरली. डोळ्यात जंतुसंसर्ग झाला आणि तो वाढत गेला. रुग्णालयात दाखल करून तपासण्या केल्या असता मधुमेह असल्याचे निष्पन्न झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस-अठ्ठावीस होते.

त्या काळी तरुण वयात मधुमेह होणे म्हणजे मृत्यूची नोटीसच होती. औषध असे काही नव्हतेच. पिष्टमय आणि गोड पदार्थ जवळजवळ बंद करून, एकूण आहारही तोडून रुग्णाला अर्धपोटी ठेवले जाई. त्यामुळे रक्तातील साखर थोडीबहुत ताब्यात राही आणि आयुष्य काही महिन्यांनी, क्वचित एखाद-दुसऱ्या वर्षाने लांबे. रुग्ण मधुमेहाने मरतो की उपासमारीने, असा प्रश्न पडावा अशी ती अवस्था होती.

कडक पथ्यामुळे लॉरेन्स यांच्या डोळ्यातील संसर्ग आटोक्यात आला. मात्र त्या डोळ्याची दृष्टी अधू झाली आणि शस्त्रक्रियेचे क्षेत्र त्यांना कायमचे सोडावे लागले. त्यांनी रुग्णालयाच्या रसायन-विकृतिशास्त्र विभागात डॉ. जी. ए. हॅरिसन यांच्या हाताखाली प्रयोगशाळेतील काम पत्करले. रक्त आणि लघवीतील साखर मोजण्याचे तंत्र त्यांनी तेथे आत्मसात केले. प्रकृती ढासळत असतानाही त्यांनी एम.डी.च्या प्रबंधाचे काम पुरे केले.

आपल्या हाती फार दिवस उरलेले नाहीत हे डॉक्टर असल्यामुळे त्यांना इतरांपेक्षा अधिक स्पष्ट दिसत होते. घरी राहून आईवडिलांच्या डोळ्यांदेखत झिजत मरावे हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी इटलीतील फ्लॉरेन्स शहर निवडले आणि तेथे छोटासा वैद्यकीय व्यवसाय सुरू केला. शेवट कोठे व्हावा, एवढेच ठरविणे त्यांच्या हाती होते आणि ते त्यांनी ठरविले.

टोरांटोचा शोध आणि फ्लॉरेन्सची तार

याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे वेगळेच काही घडत होते. कॅनडातील टोरांटो विद्यापीठात डॉ. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ च्या उन्हाळ्यात प्रा. जे. जे. आर. मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या स्वादुपिंडापासून अर्क काढण्याचे प्रयोग केले. जेम्स कॉलिप यांनी तो अर्क माणसाला टोचण्याइतका शुद्ध केला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला तो देण्यात आला आणि मरणपंथाला लागलेला तो मुलगा सावरला. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लाउड यांना देण्यात आले.

या संशोधनात एक गोष्ट आरंभीच लक्षात आली होती. अर्काची मात्रा जास्त झाली की प्रयोगातील ससे अस्वस्थ होत, त्यांना आकडी येई आणि ते निपचित पडत. त्यांना ग्लुकोज टोचले की तेच ससे थोड्या वेळात उठून बसत. इन्शुलिन मोजण्याचे युनिट हे माप सुरुवातीला यावरूनच ठरविण्यात आले. सशाच्या रक्तातील साखर आकडी येण्याच्या पातळीपर्यंत उतरविण्यास लागणारी मात्रा हा त्याचा आधार होता. म्हणजे ज्या मापाने आजही मधुमेही आपली मात्रा मोजतात, त्या मापाच्या जन्मातच साखर उतरण्याचा धोका सामावलेला होता.

इकडे फ्लॉरेन्समध्ये १९२२-२३ च्या हिवाळ्यात लॉरेन्स यांना श्वासनलिकादाहाने पछाडले आणि मधुमेहाने उचल खाल्ली. वजन झपाट्याने उतरले. पायांच्या नसांना इजा होऊन चालणेही कठीण झाले. मे १९२३ मध्ये त्यांना डॉ. हॅरिसन यांची तार मिळाली. आपल्या हाती इन्शुलिन आले आहे, त्याचा गुण येतो आहे आणि लॉरेन्स यांनी विनाविलंब परत यावे, असा तिचा आशय होता.

पायांत बळ नसलेल्या त्या रुग्णाने मोटार काढली आणि युरोप खंड ओलांडत लंडनचा रस्ता धरला. २८ मे १९२३ रोजी ते किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये पोहोचले. तीन वर्षांपूर्वी ज्या रुग्णालयात ते डॉक्टर म्हणून वावरले होते, तेथेच ते आता अत्यवस्थ रुग्ण म्हणून दाखल झाले.

दुपारचे चार

प्राथमिक तपासण्या आटोपल्यावर ३१ मे रोजी सकाळी पहिले इंजेक्शन देण्याचे ठरले. किती मात्रा द्यावी याविषयी हॅरिसन आणि लॉरेन्स या दोघांपाशीही फारसा अनुभव नव्हता. हिशेबाला सोपा असा वीसचा आकडा बरा वाटला आणि वीस युनिट इन्शुलिन टोचण्यात आले. त्यानंतर न्याहारी झाली. बेकन, अंडी आणि प्रयोगशाळेतील बन्सन बर्नरवर भाजलेला पाव असा बेत होता. कित्येक महिन्यांत पावाचा तुकडाही तोंडात न घातलेल्या लॉरेन्स यांच्यासाठी ती मेजवानीच होती.

दुपारी तीन वाजता लघवी तपासली तेव्हा तिच्यात साखरेचा मागमूसही नव्हता. अनेक महिन्यांत असे घडले नव्हते. दोघांनी बँटिंग आणि बेस्ट यांच्या नावाने जयघोष केला. उपचार लागू पडला होता.

तासाभराने, चारच्या सुमारास, लॉरेन्स यांचे सर्वांग थरथरू लागले. घामाच्या धारा लागल्या आणि पोटात भुकेचा डोंब उसळला. हे काय होत आहे, असा प्रश्न क्षणभर पडला असेल. पण टोरांटोच्या मंडळींनी प्राण्यांमध्ये इन्शुलिनची मात्रा जादा झाल्यावर दिसणाऱ्या परिणामांचे जे वर्णन केले होते, ते दोघांना आठवले. लॉरेन्स यांनी साखर आणि बिस्कीट खाल्ले. थोड्याच वेळात थरथर थांबली, घाम ओसरला आणि त्यांना बरे वाटू लागले.

तीन वर्षे ज्या साखरेपासून त्यांना कटाक्षाने दूर ठेवण्यात आले होते, तीच साखर जीवदान देणाऱ्या औषधाच्या पहिल्याच दिवशी त्यांना खावी लागली. इन्शुलिनचा गुण आणि इन्शुलिनचा धोका एकाच दिवसात, एका तासाच्या अंतराने त्यांच्यासमोर उभे राहिले. पुढे रुग्णांना या विषयी सांगताना त्यांचे बोलणे पोथीतले नसे, याचे मूळ त्या दुपारी होते.

सुमारे दोन महिने रुग्णालयात राहून लॉरेन्स यांनी आहार आणि इन्शुलिनचा मेळ घातला. प्रकृती सुधारली. बरे झाल्यावर त्यांची त्याच रुग्णालयात रसायन-विकृतिशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली आणि तेथून पुढचे सारे आयुष्य त्यांनी मधुमेहाच्या कामाला वाहिले.

लगाम रुग्णाच्या हाती

आपले स्वादुपिंड साखर वाढली की इन्शुलिन सोडते आणि साखर उतरू लागली की हात आखडते. टोचलेल्या इन्शुलिनला ही समज नसते. एकदा ते शरीरात गेले की रुग्ण जेवला आहे की उपाशी, बसून आहे की धावतो आहे, याची पर्वा न करता ते आपले काम करीत राहते. त्यामुळे निरोगी माणसाच्या शरीरात जो समतोल आपोआप साधला जातो, तो मधुमेहीला स्वतः विचारपूर्वक साधावा लागतो. आहार, इन्शुलिन आणि श्रम या तिन्हींचा हिशेब जुळला पाहिजे. त्यातील एकही बाजू चुकली की काटा वर तरी जातो किंवा खाली तरी.

हा हिशेब डॉक्टर रोज रुग्णाच्या घरी जाऊन करू शकत नाही. तो रुग्णालाच शिकविला पाहिजे, ही लॉरेन्स यांची धारणा होती. त्या काळात रुग्णाने डॉक्टरांचे निमूटपणे ऐकावे हीच रीत होती. अशा वेळी त्यांनी १९२५ मध्ये ‘द डायबेटिक लाइफ’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. ते एकाच वेळी डॉक्टरांसाठी आणि रुग्णांसाठी लिहिलेले होते. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि इतर भाषांत अनुवाद झाले. केवळ रुग्णांसाठी लिहिलेले ‘द डायबेटिक एबीसी’ हे छोटे पुस्तकही तितकेच लोकप्रिय ठरले.

आहाराचे गणित सोपे व्हावे म्हणून त्यांनी ओळींची पद्धत तयार केली. पिष्टमय पदार्थांचे वाटे काळ्या रंगाने आणि प्रथिने व स्निग्ध पदार्थांचे वाटे लाल रंगाने दाखविले जात. काळ्या वाट्यात दहा ग्रॅम कर्बोदके असत. पावाऐवजी बटाटा घ्यायचा तर किती घ्यायचा, हे रुग्णाला तक्ता पाहून ठरविता येई. बेताचे शिक्षण असलेल्या गृहिणीलाही ही पद्धत वापरता येत असे.

श्रमाच्या परिणामाचा अभ्यासही लॉरेन्स यांनी केला. १९२६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी दाखवून दिले, की इन्शुलिन घेतल्यानंतर व्यायाम केला तर त्याचा परिणाम वाढतो आणि साखर अधिक वेगाने उतरते. टेनिसचा सामना, बागेतील खोदकाम किंवा गाडी चुकू नये म्हणून केलेली धावाधाव अशा प्रसंगांनंतर रुग्णाला घाम का फुटतो, याचे शास्त्रीय उत्तर त्यातून मिळाले. श्रमाच्या आधी थोडे जादा खावे किंवा इन्शुलिनची मात्रा कमी करावी, हा आज प्रत्येक मधुमेह केंद्रात दिला जाणारा सल्ला या समजेवर उभा आहे.

इशारा हरवतो तेव्हा

त्या काळच्या रुग्णापाशी साखर उतरल्याचे ओळखण्याचे साधन म्हणजे त्याचे स्वतःचे शरीरच होते. घरी करता येण्याजोगी तपासणी होती ती लघवीची. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून ते उकळायचे. साखर असेल तर रंग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी होई. पण द्रावण निळेच राहिले, तर लघवीत साखर नाही एवढेच कळे. रक्तातील साखर योग्य आहे की धोक्याच्या पातळीखाली गेली आहे, हे तो निळा रंग सांगू शकत नसे. घरच्या घरी बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर मोजण्याची सोय १९७० च्या दशकाच्या अखेरीस आली.

म्हणूनच थरथर, घाम, धडधड आणि भूक ही शरीराने दिलेली हाक ओळखणे रुग्णाच्या जिवाशी निगडित होते. ती दुर्लक्षिली तर पुढची पायरी मेंदूची असते. मेंदूला सतत ग्लुकोजचा पुरवठा लागतो. तो तुटला की माणूस असंबद्ध बोलू लागतो, चिडतो, झोकांड्या खातो आणि अखेर बेशुद्ध पडतो. बघणाऱ्यांना तो मद्यपी वाटतो आणि मदतीऐवजी त्याच्या वाट्याला तिरस्कार येतो.

इन्शुलिन घेण्यास अठरा वर्षे होत आली असताना, १९४१ मध्ये लॉरेन्स यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले. इन्शुलिन सुरू करून पाच-दहा वर्षे उलटली की बहुतेक रुग्णांमध्ये हे पूर्वसंकेत बदलतात, असे त्यांना आढळले होते. घाम आणि थरथर हे आरंभीचे इशारे पुसट होतात किंवा येतच नाहीत आणि रुग्ण थेट गोंधळलेल्या अवस्थेत जातो. नवा रुग्ण ज्या लक्षणांना घाबरतो, ती खरे तर त्याची राखणदार असतात. ती नाहीशी होणे हेच अधिक भयावह असते. इशारा हरपण्याच्या या अवस्थेवर पुढील अनेक दशके संशोधन झाले. वारंवार साखर उतरत राहिल्यास शरीराची प्रतिक्रिया बोथट होते आणि काही आठवडे साखर उतरू न दिल्यास ती बऱ्याच अंशी परत येऊ शकते, हे आज ज्ञात आहे.

वेल्स यांची साथ

विख्यात लेखक एच. जी. वेल्स हे लॉरेन्स यांच्या रुग्णांपैकी एक होते. विज्ञानकथांमुळे घराघरांत पोहोचलेल्या या लेखकाला उतारवयात मधुमेह झाला होता. मधुमेहींची स्वतःची संघटना असावी, गरीब-श्रीमंत असा भेद न करता प्रत्येकाला इन्शुलिन मिळावे आणि रुग्णांना एकमेकांच्या अनुभवाचा लाभ व्हावा, ही कल्पना दोघांनी उचलून धरली. वेल्स यांनी ‘टाइम्स’ या दैनिकात पत्र लिहून आवाहन केले आणि १९३४ मध्ये डायबेटिक असोसिएशनची स्थापना झाली. एका आजाराच्या रुग्णांनी आणि डॉक्टरांनी खांद्याला खांदा लावून चालविलेली अशी संस्था त्या काळात नवलाईची होती. पुढे ती ब्रिटिश डायबेटिक असोसिएशन आणि २००० पासून डायबेटिस यूके या नावाने ओळखली जाऊ लागली.

किंग्जमधील मधुमेह विभाग लॉरेन्स यांच्या काळात देशातील मोठ्या विभागांपैकी एक झाला. मधुमेही स्त्रियांचे गर्भारपण, क्षयरोगाची जोड असलेला मधुमेह अशा अनेक प्रश्नांवर तेथे काम झाले. शरीरातील चरबी नाहीशी होऊन होणाऱ्या मधुमेहाच्या एका दुर्मीळ प्रकाराचे वर्णन त्यांनी १९४६ मध्ये केले. १९५० मध्ये अॅमस्टरडॅम येथे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ स्थापन झाला, तेव्हा पहिले अध्यक्षपद लॉरेन्स यांच्याकडे आले. याच महासंघाच्या पुढाकाराने १९९१ पासून १४ नोव्हेंबर हा बँटिंग यांचा जन्मदिवस जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो.

आजच्या रुग्णासाठी

लॉरेन्स यांच्या काळापेक्षा आजची औषधे कितीतरी सुधारलेली आहेत. तरीही त्या दुपारचा अनुभव नव्या रुग्णाला आजही येऊ शकतो. सर्वांनाच हा धोका सारखा नसतो. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर सहसा फार उतरत नाही. इन्शुलिन, तसेच ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र सावध असावे. आपली गोळी कोणत्या प्रकारची आहे, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारून घेणे इष्ट.

रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली आली की उपाय करावा, असा आजचा संकेत आहे. सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी. ती वर आली नसेल तर हेच पुन्हा करावे. बरे वाटल्यावर आणि जेवणाला अवकाश असल्यास पोळी, बिस्कीट असे काही खावे. पेढा, बर्फी किंवा चॉकलेट हा यावरचा योग्य उपाय नव्हे. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या घेणाऱ्यांनी साध्या साखरेऐवजी ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी, कारण या गोळ्या साध्या साखरेचे पचन लांबवितात. रुग्ण बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून, उपलब्ध असल्यास ग्लुकागॉनचे इंजेक्शन देऊन तातडीने रुग्णालयात न्यावे.

नव्या रुग्णांच्या बाबतीत आणखी एक प्रकार घडतो. दीर्घकाळ साखर फार वाढलेली असेल तर उपचार सुरू झाल्यावर ती योग्य पातळीवर येत असतानाच थरथर आणि घाम जाणवतो. शरीराला वरच्या पातळीची सवय झालेली असते. अशा वेळी शक्य असल्यास साखर मोजून पाहावी. मोजण्याची सोय नसेल तर ती उतरली आहे असे धरूनच उपाय करावा. उपचार नकोसे वाटून ते परस्पर बंद करणे मात्र घातक ठरते. आपल्याकडे एकादशी, संकष्टी, नवरात्र किंवा रमजानचा उपवास धरताना गोळीची अथवा इन्शुलिनची मात्रा नेहमीचीच ठेवणे हे साखर उतरण्याचे मोठे कारण ठरू शकते. उपवासापूर्वी डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवून घेण्यात कोणताही कमीपणा नाही.

पंचेचाळीस वर्षे

लॉरेन्स यांनी १९२८ मध्ये विवाह केला आणि त्यांना तीन मुलगे झाले. फ्लॉरेन्सला मरायला गेलेल्या तरुणाला संसार, व्यवसाय आणि कीर्ती असे सारे लाभले. १९५८ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. तरीही दहा वर्षे ते जगले. २७ ऑगस्ट १९६८ रोजी लंडनमधील राहत्या घरी वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पहिल्या इंजेक्शनपासून त्यांनी इन्शुलिनवर पंचेचाळीस वर्षे काढली. काचेची सिरिंज, उकळून घ्यावी लागणारी जाड सुई आणि बेनेडिक्टचे निळे द्रावण एवढीच साधने हाताशी असताना त्यांनी ही मजल मारली. या साऱ्या काळात त्यांनी रुग्णांना इन्शुलिन कसे घ्यावे हे जितक्या आग्रहाने शिकविले, तितक्याच आग्रहाने ते जास्त झाले तर काय करावे हेही शिकविले. आज नव्याने इन्शुलिन सुरू करणाऱ्या रुग्णाच्या हाती औषधाची चिठ्ठी देतानाच खिशात ग्लुकोज ठेवण्याची आठवण केली जाते, त्यामागे किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधील त्या दुपारचा वाटा आहे.